चेक परत आला, आता पुढे काय? सांगली जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत चेकवर चालणारे व्यवहार मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही. यार्डातली हळद, तासगावचा बेदाणा, कारखान्याच्या ऊस वाहतुकीचा करार, पतसंस्थेचे कर्ज, मेहुण्याला दिलेले हातउसने पैसे, सगळीकडे कुठे ना कुठे एक सही केलेला चेक असतोच. तो परत आला की दोन घरांची झोप उडते, ज्याचे पैसे अडकले त्याची आणि ज्याने चेक दिला त्याची. खाली दोन्ही बाजूंचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. दोघांचेही नुकसान बहुतेक वेळा एकाच कारणाने होते, तारीख हुकते. म्हणून तारखांबद्दल जरा सविस्तर लिहिले आहे.

चेक वटला नाही म्हणजे लगेच गुन्हा झाला का?

नाही. चेक परत आला त्या दिवशी गुन्हा पुरा होत नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, म्हणजे कोर्टात ज्याला सगळे एन. आय. अ‍ॅक्ट म्हणतात, त्यातल्या कलम १३८ प्रमाणे पाच गोष्टी एकामागून एक घडाव्या लागतात. चेक खऱ्या देण्यापोटी दिलेला असला पाहिजे. तो मुदतीत बँकेत भरलेला असला पाहिजे. तो परत आला पाहिजे. परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. आणि नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे दिलेले नसले पाहिजेत. ही शेवटची पायरी ओलांडली की मगच फिर्यादीला कोर्टाचे दार उघडते.

कायदा १८८१ चा असला तरी त्यात फौजदारी कलम आले ते १ एप्रिल १९८९ पासून. त्याआधी चेक परत आला तर दिवाणी दावा लावायचा, किंवा फसवणूक सिद्ध करत बसायचे, एवढेच हाती होते. जुनी माणसे "चेकचं काय होतंय?" म्हणतात ती त्या काळच्या अनुभवावर. आज तसे नाही.

बँकेने चेकबरोबर एक चिठ्ठी दिली आहे. तिचे काय करायचे?

ती रिटर्न मेमो. जिवापाड जपा. छोटासा कागद असतो, वर बँकेचे नाव, चेक नंबर, रक्कम, तारीख आणि परतीचे कारण. "फंड्स इनसफिशियंट", "पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉवर", "अकाउंट क्लोज्ड", "सही जुळत नाही" अशापैकी काहीतरी लिहिलेले असते. त्यावर बँकेचा शिक्का नसेल तर मागून घ्या. मेमो तुमच्या हातात कोणत्या दिवशी आला ते मागच्या बाजूला लिहून ठेवा, कारण ३० दिवस तिथूनच मोजायचे असतात. मूळ चेकही बँकेकडून परत घ्यायचा. झेरॉक्सवर खटला उभा राहत नाही.

तारखांचा हिशेब नेमका कसा करायचा?

उदाहरण घेऊ. तासगाव तालुक्यातल्या बागायतदाराला व्यापाऱ्याने ३,६०,००० रुपयांचा चेक दिला, त्यावर तारीख १० मार्च. हा चेक १० मार्चपासून तीन महिन्यांत कधीही बँकेत भरता येतो. (पूर्वी ही मुदत सहा महिने होती. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिन्यांवर आणली.) बागायतदाराने चेक भरला, तो परत आला आणि १२ मार्चला मेमो हातात पडला. आता ११ एप्रिलपर्यंत नोटीस पोस्टात पडलीच पाहिजे. त्याने २५ मार्चला वकिलामार्फत नोटीस पाठवली आणि व्यापाऱ्याला ती २८ मार्चला मिळाली. मिळाल्याचा दिवस सोडून १५ दिवस मोजायचे, म्हणजे १२ एप्रिलपर्यंत व्यापाऱ्याला पैसे द्यायची संधी आहे. तोवर पैसे आले नाहीत तर १३ एप्रिलला फिर्यादीचे कारण निर्माण झाले. तिथून एक महिन्यात, म्हणजे १३ मेपर्यंत, फिर्याद कोर्टात दाखल झाली पाहिजे.

शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. उन्हाळी सुट्टी, वकिलांचे कामकाज बंद, एखादा कागद कमी, असे काहीही आडवे येते. उशीर झाला तर कायद्यात माफीची तरतूद आहे, पण त्यासाठी पटेल असे कारण द्यावे लागते आणि ते मान्य करणे न्यायाधीशांच्या हातात असते. उलट घाईही महागात पडते. १५ दिवस पुरे व्हायच्या आत दाखल केलेली फिर्याद मुळात ग्राह्यच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले आहे.

नोटिशीची ३० दिवसांची मुदत हुकली तर? चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत भरा. पुन्हा परत आला की नवा मेमो आणि नवे ३० दिवस. हे चालते. मात्र चेकची मुदतही गेली असेल तर कलम १३८ चा रस्ता बंद, मग दिवाणी दावाच.

नोटीस कशी असावी? मी स्वतः लिहिली तर चालते का?

चालते. वकीलच हवा असे कायद्यात नाही. पण एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून तपासा, नोटिशीत मागितलेली रक्कम आणि चेकवरची रक्कम तंतोतंत जुळली पाहिजे. चेक एका रकमेचा आणि नोटिशीत आकडा दुसराच, असे झाले तर नोटीस बेकायदा ठरते. "टायपिंगची चूक झाली" ही सबब सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ऐकून घेतली नाही. व्याज, नोटीस खर्च मागायचा असेल तर तो वेगळ्या ओळीत, वेगळा आकडा म्हणून लिहा. चेकची रक्कम आपल्या जागी ठसठशीत दिसली पाहिजे.

नोटीस पोस्टाने, पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा आणि पोस्टाची पावती व ट्रॅकिंगचा कागद जोडून ठेवा.

मलाच नोटीस आली आहे. घाबरून गेलो आहे. काय करू?

आधी नोटीस हातात पडली ती तारीख पाकिटावर लिहून ठेवा. तुमच्या हातात १५ दिवस आहेत आणि या सगळ्या प्रवासात एवढ्या स्वस्तात सुटायची संधी पुन्हा येत नाही. देणे खरे असेल तर या १५ दिवसांत चेकची रक्कम देऊन टाका. सोने गहाण ठेवावे लागले, भावाकडून घ्यावे लागले, तरी द्या. या मुदतीत पैसे दिले की गुन्हाच घडत नाही. वकील, तारखा, जामीन, काही नाही. पैसे बँकेतूनच द्या, आरटीजीएस किंवा डिमांड ड्राफ्टने, आणि "अमुक चेक नंबरच्या नोटिशीपोटी" असे लिहून पोच घ्या. मूळ चेक परत मागून घ्या. रोख देऊन, हातात हात देऊन, "आता झालं मिटलं" म्हणत घरी आलेली माणसे सहा महिन्यांनी समन्स घेऊन वकिलाकडे येतात.

सगळी रक्कम जमत नसेल तर समोरच्याशी बोला, हप्ते ठरवा, पण ते कागदावर आणा, दोघांच्या सह्यांनिशी. तोंडी वायद्याने १५ दिवस थांबत नाहीत.

देणे खरे नसेल, चेक हरवलेला असेल, पैसे आधीच दिलेले असतील, तर नोटिशीला उत्तर द्या. कायद्याने उत्तराची सक्ती नाही. पण गप्प बसलेल्या माणसाने दोन वर्षांनी उलटतपासणीत सांगितलेली गोष्ट न्यायाधीशांना मागाहून रचल्यासारखी वाटते आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. जे खरे आहे ते पहिल्या उत्तरातच यायला हवे, पुराव्याच्या उल्लेखासह.

नोटीस घेतलीच नाही तर?

पोस्टमनला "घरात नाही" सांगायला लावणे हा आपल्याकडचा जुना उपाय. त्याने काही साधत नाही. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस "घेण्यास नकार" किंवा "दार बंद" शेऱ्याने परत गेली तरी ती मिळाली असेच कायदा मानतो. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हे पक्के केले आहे. नोटीस घेतली नाही तरी मुदत सुरूच राहते आणि तुम्हाला मात्र ती कधी संपली ते कळत नाही.

शिक्षा किती होते?

दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्वी कैद एक वर्षाची होती, २००२ च्या दुरुस्तीने ती दोन वर्षे झाली. प्रत्यक्षात कोर्टाचा कल फिर्यादीचे पैसे परत मिळवून देण्याकडे असतो, त्यामुळे दंडातून नुकसानभरपाई देण्याचा आदेश होतो आणि ती न भरल्यास कैद. तरीही शिक्षेचा निकाल हा फौजदारी निकालच असतो. नोकरीच्या अर्जात, पासपोर्टच्या कामात तो विचारला जातो. खटला चालू असतानाही पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी काढावी लागते. दुबई-मस्कतला जायची तयारी करणाऱ्या मुलांनी हे विसरू नये.

पोलिस येऊन उचलून नेतील का?

कलम १३८ मध्ये पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदवला जात नाही. फिर्यादी थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. गुन्हा जामीनपात्र आहे. समन्स आले, वकिलामार्फत हजर झालात, जामीन दिला की घरी. पोलिस दारात येतात ते समन्स मिळूनही तारखेला न गेल्यामुळे. आधी जामीनपात्र वॉरंट निघते, तरीही न गेल्यास अजामीनपात्र. मग ऐन लग्नाच्या दिवसांत हवालदार घरी येतो आणि भावकीत नाचक्की होते. हे सगळे एका तारखेला हजर राहून टळले असते.

"एक फोन केला की पोलिस उचलतील" असे धमकावणाऱ्या वसुलीवाल्याचे खरे मानू नका. मात्र मुळातच फसवायच्या हेतूने चेक दिला असेल, खाते आधीच बंद करून, खोटे नाव सांगून, तर भारतीय न्याय संहितेतला फसवणुकीचा गुन्हा (कलम ३१८) वेगळा लागतो आणि तिथे पोलिसांना अधिकार आहेत.

मी बँकेला सांगून पेमेंट थांबवले. मग तर १३८ लागत नाही ना?

लागू शकते. स्टॉप पेमेंट, खाते बंद करणे, मुद्दाम सही वेगळी करणे या तिन्ही पळवाटा सर्वोच्च न्यायालयाने १९९८ पासून वेगवेगळ्या निकालांत बुजवल्या आहेत. पेमेंट थांबवायला खरे कारण होते, जसे माल आलाच नाही किंवा चेक चोरीला गेला, आणि खात्यात पैसेही होते, हे दाखवता आले तर बचाव आहे. चेक हरवला तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा आणि पोलिसांकडे नोंद करा. वर्षानंतर, नोटीस आल्यावर केलेली "चेक हरवला होता" ही तक्रार कुणाला पटत नाही.

कर्ज घेताना पतसंस्थेने कोरे चेक घेतले होते. तेच आता भरले आहेत. "तो फक्त तारणासाठी होता" हे चालेल का?

सर्वात जास्त माणसे इथे अडकतात, म्हणून सावकाश वाचा.

सही करून स्वखुशीने दिलेल्या कोऱ्या चेकवर दुसऱ्याने आकडा आणि तारीख घातली, एवढ्यावर चेक बेकायदा ठरत नाही. २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट म्हटले आहे. "अक्षर माझे नाही" हा बचाव एकट्याने उभा राहत नाही. कायदा असे गृहीत धरतो (कलम ११८ आणि १३९) की सही तुमची असेल तर चेक देण्यापोटीच दिला आहे. ते खोडून काढण्याची जबाबदारी तुमची. खुनाच्या खटल्याइतका पक्का पुरावा द्यावा लागत नाही, "याचे म्हणणे जास्त शक्य कोटीतले आहे" इतके कोर्टाला वाटले तरी पुरते. पण तेवढे तरी दाखवावे लागते.

"सिक्युरिटीचा चेक" म्हणून सुटका होत नाही. कोर्ट बघते ते इतकेच, चेक भरला त्या दिवशी तेवढे देणे बाकी होते का? बाकी होते तर कलम लागते. बाकी नव्हते, किंवा चेकवर बाकीपेक्षा जास्त रक्कम लिहिली, तर तुमचा बचाव भक्कम. म्हणून पतसंस्थेचा खातेउतारा वेळोवेळी घेत चला. भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती ठेवा. कर्ज फिटले की ना-देय दाखल्याबरोबर चेक नंबर लिहून चेक परत मागा. हे शेवटचे काम नव्वद टक्के लोक "बघू नंतर" म्हणून सोडतात असे म्हटले तरी चालेल, इतके ते नेहमीचे आहे.

जामीनदाराचेही तेच. कर्ज दुसऱ्याचे, पण चेक जामीनदाराने दिला असेल तर जामीनदारावर १३८ होऊ शकते. कलमात "कोणतेही" देणे असे शब्द आहेत, स्वतःचेच देणे असे नाही. गावकीच्या भिडेपोटी सही करताना चेकही देणार असाल तर ते कर्ज आपलेच समजून द्या.

खासगी सावकाराने कोरे चेक घेतले असतील तर वेगळी वाट आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी करणे हा २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात किंवा पोलिस ठाण्यात करता येते. सावकाराने चेक भरायच्या आधी ही तक्रार झालेली असेल तर तिला वजन राहते. व्याज देत राहायचे, गप्प राहायचे आणि समन्स आल्यावर सावकारी आठवायची, यात वेळ हातची जाते. चार जणांना एकाच सावकाराने गाठले असेल तर चौघांनी मिळून जा.

द्राक्षाचा व्यापारी चेक देऊन गेला, आता फोन बंद आहे. काय होऊ शकते?

दर हंगामात हे घडते आणि दरवेळी गोष्ट सारखीच असते. परराज्यातला किंवा परजिल्ह्यातला व्यापारी बागेत येतो, चार किलोला इतरांपेक्षा जरा चढा दर बोलतो, पहिल्या एक-दोन गाड्यांचे पैसे रोख देतो. विश्वास बसला की शेवटच्या मोठ्या मालाला चेक देतो. वर्षभर छाटणी, डिपिंग, औषधे, रात्र-रात्र जागून बाग वाचवलेली असते आणि हातात राहतो एक कागद. या माणसांचा राग येतो तो यासाठी.

चेक असेल तर वर सांगितलेल्या तारखांप्रमाणे चाला. खटला तुमच्याच भागात चालतो हा मोठा दिलासा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, तुम्ही चेक ज्या शाखेतल्या आपल्या खात्यात भरला, त्या शाखेच्या हद्दीतले कोर्ट. खाते तासगावला असेल तर तासगाव, मिरजेला असेल तर मिरज. व्यापारी कुठलाही असो, त्याने इथे यायचे. म्हणूनच चेक नेहमी आपल्या खात्यात भरावा. त्याच्या बँकेच्या काउंटरवर नेऊन वटवायला गेलात आणि परत आला, तर कोर्ट त्याच्या शाखेच्या गावचे ठरते.

पण समन्स बजावायला पत्ता लागतो. "राजूशेठ, नाशिक" एवढ्यावर समन्स जात नाही. सौदा बागेत झाला की त्याच वेळी आधार, पॅन आणि बँक पासबुकाचा फोटो घ्या. चेक त्याच माणसाच्या खात्याचा आहे का आणि सही खातेदाराचीच आहे का, ते बघा. चेकबुक एकाचे, सही दुसऱ्याची असा चेक आला तर कलम १३८ मध्ये मोठी अडचण होते, कारण खाते चेकवर सही करणाऱ्याचे असावे लागते. गाडी भरतानाच्या काटा पावत्या, गाडी नंबर, व्हॉट्सअ‍ॅपवरचे दराचे बोलणे जपून ठेवा. माल गेला हे त्यातूनच सिद्ध होते. एकाच व्यापाऱ्याने गावातल्या अनेकांना चेक देऊन गाशा गुंडाळला असेल तर १३८ बरोबर फसवणुकीची फिर्याद पोलिसांत एकत्रितपणे द्या.

ऊसतोड मुकादमाने उचल (आगाऊ रक्कम) घेऊन मजुरांची टोळी आणली नाही. त्याचा चेक आहे.

वाहतूकदारांचा हा नेहमीचा प्रश्न. उचल देतानाचा नोटरी करार आणि पैसे बँकेतून दिल्याचा पुरावा असेल तर खटला चांगला उभा राहतो. सगळी उचल रोख आणि करार तोंडी असेल तर मुकादमाचा वकील पहिला प्रश्न विचारतो, "एवढे पैसे तुमच्याकडे आले कुठून?"

हातउसने रोख दिले होते. तरी १३८ चालते का?

चालते. पण वरचा प्रश्न इथेही येतो. पाच लाख रोख दिले म्हणता, तर ते कुठल्या खात्यातून काढले, कुठला ऊस विकला, हे दाखवता आले पाहिजे. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेणे आयकर कायद्यात बसत नाही. त्याबद्दल दंड होऊ शकतो. मात्र तेवढ्यावरून देणे बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले आहे.

चेक दिल्यानंतर मी अर्धे पैसे दिले होते. तरी त्याने पूर्ण रकमेचा चेक भरला.

चेक भरण्याआधी दिलेली रक्कम चेकवर नोंदवायला हवी होती किंवा उरलेल्या रकमेचा नवा चेक घ्यायला हवा होता. तसे न करता पूर्ण रकमेचा चेक भरला तर कलम १३८ लागत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल आहे. अर्धे पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा मात्र हवा.

फर्मचा चेक आहे. कोणाकोणावर केस होते? आणि नवऱ्याच्या चेकसाठी बायकोवर होते का?

कंपनी किंवा भागीदारी फर्मचा चेक असेल तर फर्मला आरोपी करावेच लागते, त्याशिवाय नुसत्या संचालकावर खटला चालत नाही. सही करणारा आणि रोजचा कारभार पाहणारे भागीदार किंवा संचालकही येतात. कागदोपत्री नाव असलेल्या, कामकाजात नसलेल्या भागीदाराला बचाव असतो.

खाते जॉइंट असले तरी ज्याची सही चेकवर आहे तोच जबाबदार. फक्त खात्यात नाव आहे म्हणून बायकोला आरोपी करता येत नाही. पण उलटही होते. फर्म बायकोच्या नावाने, सह्या तिच्या, व्यवहार नवऱ्याचा. अशा वेळी समन्स तिच्या नावाने येते. "मला काही माहीत नव्हते" म्हणत कोर्टाच्या बाकावर बसलेल्या बाया बघवत नाहीत. ताईंनो, चेकबुकावर सह्या करून ठेवू नका, सांगणारा कोणीही असो.

केस किती दिवस चालते? तोपर्यंत काहीच मिळत नाही का?

कायद्यात सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे लिहिले आहे. प्रत्यक्षात वर्षे जातात, हे आधीच मनाशी धरा. मात्र १ सप्टेंबर २०१८ पासून दोन चांगल्या सोयी झाल्या. आरोपीने गुन्हा नाकबूल केल्यावर कोर्ट त्याला चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई ६० दिवसांत द्यायला सांगू शकते. ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो आणि देणे न देणे कोर्टाच्या मर्जीवर आहे. आरोपी पुढे निर्दोष सुटला तर व्याजासह परत करावी लागते. दुसरी, शिक्षेविरुद्ध अपील करताना आरोपीला दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला लावता येते.

अपील सत्र न्यायालयात, ३० दिवसांत. त्याच्या वर जायचे झाले तर आता मुंबईला जायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि सांगली, सातारा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत.

खटला सुरू झाल्यावर तडजोड होते का?

कोणत्याही टप्प्यावर होते, निकालानंतर अपिलातही. जितक्या लवकर, तितकी स्वस्त. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या निकालाप्रमाणे आरोपीने स्वतःचा पुरावा नोंदवण्याआधी पैसे दिले तर जादा खर्च नाही, त्यानंतर पण निकालाआधी चेकच्या रकमेच्या ५ टक्के जादा, सत्र किंवा उच्च न्यायालयात ७.५ टक्के, सर्वोच्च न्यायालयात १० टक्के.

राष्ट्रीय लोकअदालतीत या केसेस मोठ्या संख्येने ठेवल्या जातात. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो. हप्ते बुडाले तर दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावून वसुली करता येते. हप्त्यांच्या तारखा, रक्कम आणि एक हप्ता चुकला तर काय, हे पुरसीसमध्ये (कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनात) स्पष्ट लिहून घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

शिक्षा भोगली की देणे संपते का?

नाही. पैशासाठी वेगळा दिवाणी दावाही करता येतो, खटल्याबरोबर किंवा त्याऐवजी. मुदत साधारण तीन वर्षे. चेकच्या आधारे समरी (झटपट पद्धतीचा) दावा लावला तर प्रतिवादीला बचावासाठी आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. व्याजदर ठरलेला नसेल तर याच अधिनियमाच्या कलम ८० प्रमाणे वार्षिक १८ टक्के व्याज मागता येते. कोर्ट फी मात्र रकमेवर लागते, ती आधी विचारून घ्या.

कर्जाचा हप्ता खात्यातून कापला गेला नाही. चेक तर दिलाच नव्हता, तरी नोटीस आली.

बँकेला दिलेले ऑटो-डेबिटचे अधिकारपत्र परत गेले तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्टचे कलम २५ लागते आणि शिक्षा कलम १३८ इतकीच. शिवाय दोन्ही बाजूंनी चार्ज बसतो, तुमची बँक वेगळा घेते आणि फायनान्स कंपनी वेगळा, वर जीएसटी. व्यापारातला चेक परत आल्याची थेट नोंद सिबिलमध्ये होत नाही, थकलेल्या हप्त्याची होते. पण पुढच्या कर्जाच्या वेळी शाखाधिकारी खातेउतारा चाळतो तेव्हा परत गेलेला प्रत्येक चेक त्याला दिसतो. वारंवार असे झाले तर बँक नवे चेकबुकही नाकारू शकते.

आज चेक देतो, दोन दिवसांनी पैसे भरतो, असे पूर्वी चालायचे. आता?

आता चालत नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर क्लिअरिंगला जात राहतात आणि संध्याकाळपर्यंत तुमच्या बँकेला होकार-नकार कळवावा लागतो. सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी परत येऊ शकतो. खात्यात पैसे आधी, चेक नंतर. मोठ्या रकमेच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पेची माहितीही, म्हणजे चेकचा नंबर, तारीख, नाव आणि रक्कम, बँकेला आधी कळवून ठेवा. ५० हजारांपासून ही सोय आहे आणि ५ लाखांपासून बँका ती सक्तीची करू शकतात.

चेक देणारा माणूसच वारला. आता?

फौजदारी खटला त्याच्याबरोबर संपतो. बायको-मुलांवर १३८ होत नाही, त्यांना तशी धमकी देणेही चुकीचे. मात्र त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून, वारसांच्या वाट्याला आली तेवढ्यापुरती, दिवाणी मार्गाने वसुली करता येते.

खात्यात पैसे होते, तरी बँकेने चेक परत पाठवला. दोष कोणाचा?

बँकेचा. खात्यात पुरेसे पैसे असताना आणि दुसरे कायदेशीर कारण नसताना चेक नाकारला तर त्याची भरपाई चेक देणाऱ्याला देण्याची जबाबदारी एन. आय. अ‍ॅक्टच्या कलम ३१ प्रमाणे बँकेवर येते. त्या दिवसाचा खातेउतारा लगेच शिक्क्यासह घ्या, शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही. मात्र काही लहान सहकारी बँका या योजनेत येत नाहीत आणि पतसंस्था तर येतच नाहीत, तेव्हा आधी विचारून घ्या. दरम्यान ज्याला चेक दिला होता त्याला तो उतारा दाखवा आणि त्याच दिवशी दुसऱ्या मार्गाने पैसे पाठवा.